स्टोव्हवाल्यापासून डावीकडे

बिल्डिंग चौदाशे बारा, रस्ता अकराशे एकवीस, ब्लॉक दोनशे अकरा.
पावतीवर पत्ता असा.
फोनवर उम्म ईसा सांगते,
"स्टोव्हवाल्यापासून डावीकडे, निळं दार."
आठ वर्षं मुहर्रकमध्ये सिलेंडर पोचवतोय,
या फरीजमध्ये स्टोव्हचं दुकान
मी तरी पाहिलेलं नाही.

कोपऱ्यावर कुंजुमोनचं कोल्ड स्टोअर.
त्याच्या आधी तिथं कॅसेटची लायब्ररी होती,
तिच्या आधी नुसतंच शटर, सहा वर्षं बंद,
आणि शटरच्या आधी तो.

तो कोण, ते विचारावं तर
ज्याच्या त्याच्या हातात एकेकच पुर्जा.
मुराद न्हावी म्हणतो, उंच होता, डाव्या पायानं लंगडायचा.
हलव्याच्या दुकानातला म्हातारा म्हणतो, छे, बुटका,
लंगडायची ती त्याची सायकल.
कुंजुमोनला एवढंच ठाऊक,
की घरमालकाची पोरं भाडं अजून
'अल-बानकूती' या नावाखाली मांडतात,
बाप मांडायचा म्हणून.

बानकूती.
सिलेंडर खांद्यावरच राहिला माझ्या.
मी मंडणगडचा. बाणकोट आमच्यापासून एस.टी.नं दीड तास,
सावित्री समुद्राला मिळते तिथं.

सुट्टीत मुद्दाम गेलो.
टपरीवर विचारलं, इथलं कोणी बहारीनला होतं का,
स्टोव्ह दुरुस्त करणारं?
"बहारीनवाल्यांचं घर ना? मशिदीमागं. कुलूप असतं."
होतंच. गंजलेलं.
पायरीवर शेजारच्या हाजराबीनं सुकट वाळत घातलेली.
कावळा हाकलत म्हणाली,
आम्हीपण बहारीनवालाच म्हणायचो रे.
खरं नाव? थांब हां...
ती थांबली, मी थांबलो, कावळा परत आला.
मग आतून तिच्या नवऱ्यानं खोकत सांगितलं,
दाऊद. दाऊद धनसे.
पाच वर्षांतून एकदा यायचा
आणि ओटीवर मोहल्ल्यातले सगळे स्टोव्ह उघडून बसायचा. फुकट.
बायको ओरडायची,
महिनाभर आलायस, तो पण राकेलात!

पायानं लंगडायचा का, ते विचारायचं राहिलं.

परत आल्यावर निळ्या दारात उम्म ईसाला
माझ्या मोडक्या अरबीत नाव सांगितलं.
तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं, दाऊद, दाऊद,
जसं कोणी नवीन भाडेकरूचं म्हणतं.
मग आत गेली, बिस्किटांचा डबा घेऊन आली.
डब्यात बटणं, कुठल्याशा कुलपाची किल्ली,
आणि पत्र्याच्या पट्टीला जोडलेली
स्टोव्हची पिन.

"गॅस आला तेव्हा रुसला होता," म्हणाली.
"आमच्याकडे पहिला सिलेंडर आला
आणि यानं महिनाभर सलाम घेतला नाही.
मग एका दुपारी ही पिन घेऊन दारात.
म्हणाला, गॅस रात्रीचाच संपतो. असू दे."

मी रिकामा सिलेंडर तिरका करून
दाराबाहेर गडगडवत होतो.
हा धंदा माझा. त्याचा याच धंद्यानं खाल्ला.
विचारलं, मग? संपला कधी रात्री?
"संपायचा की.
पण स्टोव्ह आम्ही केव्हाच भंगारात दिला होता.
त्याला कसं सांगणार?"

गल्लीच्या तोंडाशी पूर्वी समुद्र होता म्हणे,
गलबतं थेट इथवर यायची.
आता तिथं भराव, भरावावर पार्किंग,
पाणी बघायचं तर गाडी काढावी लागते.

त्या दिवशी पावतीवर पत्त्याच्या रकान्यात मी लिहिलं,
दाऊद धनसे यांच्यापासून डावीकडे.
ऑफिसात शिबूनं ते खोडून नंबर घातले,
आणि मला देवनागरीत लिहू नको म्हणून बजावलं.

परवा सिवानचा नवा पोरगा फोनवर,
घामाघूम झालेला नुसत्या आवाजावरून कळत होता.
भैया, ये स्टोव्हवाला किधर पड़ता है?
म्हटलं, कुंजुमोनचं कोल्ड स्टोअर दिसतंय?
दिख रहा है.
तोच.